एकच जिवाणू, मुखवटे दोनशे

लहान मुलाचा घसा दुखू लागला, अंगात ताप आला, तर 'दोन दिवसांत उतरेल' असे म्हणून बहुतेक घरांत त्याकडे दुर्लक्ष केले जाते. बहुतांश वेळा ही घसादुखी विषाणूंमुळे होते व आपोआप बरीही होते. मात्र तिच्या मुळाशी 'अ' गटातील स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू असेल आणि उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक फीवर जडतो. सांध्यांची सूज ओसरते. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र अनेकदा कायमची राहते. २०१५ मध्ये या हृदयविकाराचे जगभरात सुमारे तीन कोटी ३४ लाख रुग्ण होते व त्या वर्षी सुमारे तीन लाख १९ हजार जणांचा मृत्यू झाला, असा जागतिक पाहणीचा अंदाज आहे. सर्वाधिक रुग्ण भारतात होते.

या जिवाणूवर पेनिसिलिन आजही प्रभावी आहे. तरीही त्याच्यावरील लस का निघू शकली नाही, याचे उत्तर त्याच्या बाह्य आवरणात दडले आहे.

सैनिकांच्या छावणीतून सुरुवात

१९१८ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या लष्करी छावण्यांत गोवरानंतर होणाऱ्या न्यूमोनियाने अनेक सैनिक दगावले. त्यांच्यातील जिवाणू एकाच जातीचे की निरनिराळे, हे शोधण्याचे काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाले. रिबेका लान्सफील्ड या तरुण संशोधिकेचा त्यात सहभाग होता. सूक्ष्मदर्शकाखाली हे सारे जिवाणू मण्यांच्या माळेसारखे एकसारखेच दिसत. म्हणून सशांना एकेका नमुन्याचे मृत जिवाणू टोचून त्यांच्या रक्तातील सीरम वेगळे करण्यात आले. सीरममधील प्रतिपिंडे ओळखीच्या जिवाणूलाच चिकटतात, अनोळखी जिवाणूला नाही. या कसोटीवर चार निरनिराळे प्रकार हाती लागले.

पुढे १९२८ मध्ये लान्सफील्ड यांनी या भेदाचे कारण असलेल्या 'एम' प्रथिनाचा शोध प्रसिद्ध केला. १९३३ मध्ये त्यांनी जिवाणूच्या भित्तिकेतील शर्करेवरून 'अ', 'ब', 'क' असे गट पाडले. माणसाच्या घशाला पछाडणारे बहुतेक जिवाणू 'अ' गटातील निघाले. म्हणजे शर्करेवरून गट ठरतो आणि 'एम' प्रथिनावरून त्या गटातील प्रकार. त्याच सुमारास लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी 'टी' नावाच्या दुसऱ्या प्रतिजनावर आधारित वर्गीकरण विकसित केले.

शरीराची फसगत

'एम' प्रथिन जिवाणूच्या पृष्ठभागावर केसांसारखे उभे असते. त्याच्यामुळे पांढऱ्या पेशींना जिवाणू सहजासहजी गिळता येत नाही. या केसाचे टोक दर प्रकारात वेगळे असते. बुडाकडचा भाग मात्र बराचसा समान असतो. शरीराची प्रभावी प्रतिपिंडे मुख्यतः टोकाविरुद्ध तयार होतात. त्यामुळे एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेलेल्या मुलाला त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळाले, तरी दुसऱ्या प्रकारापुढे ते बहुधा निष्प्रभ ठरते. एकाच मुलाचा घसा पुन्हा पुन्हा धरण्याचे हे एक कारण आहे.

सर्व प्रकारांसाठी सीरम बनविणे जिकिरीचे होते आणि अनेक नमुने कोणत्याच सीरमला प्रतिसाद देत नसत. १९९० च्या दशकापासून या प्रथिनाच्या जनुकाचा आरंभीचा भाग वाचूनच प्रकार ठरविला जाऊ लागला. आज असे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत.

लसीपुढील पेच

'एम' प्रथिनाचे काही अंश हृदयाच्या स्नायूंतील प्रथिनांशी साधर्म्य राखतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती मग हृदयावरच उलटू शकते. १९६० च्या दशकातील एका चाचणीत लस टोचलेल्या काही मुलांना ऱ्हुमॅटिक फीवर झाल्याचे आढळल्यानंतर अमेरिकेत १९७९ मध्ये अशा लसींवर निर्बंध आले. ते २००६ मध्ये उठले. त्यानंतर ३० प्रकारांची केवळ टोके एकत्र करणारी, तसेच बुडाकडील समान भागावर बेतलेली, अशा दोन्ही प्रकारच्या लसींवर संशोधन झाले. परंतु एकही लस अद्याप सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलेली नाही. श्रीमंत देशांत मोजकेच प्रकार बहुसंख्य रुग्णांत सापडतात. भारतात मात्र त्यांचे वैविध्य मोठे आहे. तिकडच्या प्रकारांवरून बेतलेली लस इकडे तोकडी पडण्याची शक्यता असल्याने, येथे कोणते प्रकार फिरत आहेत याची नोंद ठेवणे अगत्याचे ठरते.

तोपर्यंत वेळेवर उपचार हाच खात्रीचा मार्ग आहे. स्ट्रेप्टोकॉकसमुळे घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केले, तरी ऱ्हुमॅटिक फीवर बहुतांशी टळतो. ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडू नये. ज्यांना हा आजार एकदा होऊन गेला आहे, त्यांना दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते चुकले, तर न ओळखलेल्या एखाद्या नव्या प्रकाराला हृदयाच्या झडपांवर पुन्हा घाला घालण्याची संधी मिळते.