हेड, बेल्ट आणि ट्यूबलाइट

नगरहून पाथर्डीकडे निघालं आणि करंजीचा घाट उतरला की पुढे तिसगाव लागतं. कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावरचं, बाजारपेठेचं गाव. चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकाचा झिजलेला फ्लॉपी ड्राइव्ह अशा गावात दुरुस्त होईल का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम आहे: होईल. कारण या कामातलं बरंचसं कसब गावोगावच्या टेपरेकॉर्डर मेकॅनिकच्या हातात आधीपासूनच होतं. स्पिरिटने हेड पुसायचं, सैल झालेला बेल्ट बदलायचा, हेडजवळचा बारीक स्क्रू किंचित फिरवून दबलेला आवाज मोकळा करायचा. फ्लॉपी ड्राइव्हमध्येही हेच आहे, फक्त मापं अधिक काटेकोर आहेत.

घरगुती संगणक आणि टेपरेकॉर्डर यांचं नातं तसंही जुनंच. १९८८ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ब्रिटनचा स्पेक्ट्रम प्लस परवाना घेऊन भारतात विकायला आणला, तेव्हा त्याचे खेळ आणि प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर असत. एक प्रोग्रॅम चढायला काही मिनिटं जात. फ्लॉपीने हे थांबणं संपवलं. १९७१ मध्ये आयबीएमची आठ इंची फ्लॉपी आली, १९७६ मध्ये शुगार्टची सव्वापाच इंची, १९८१ मध्ये सोनीची साडेतीन इंची. त्याच सुमारास हिताचीची तीन इंची फ्लॉपीही आली. १९८५ च्या ॲमस्ट्रॅड सीपीसी ६१२८ मध्ये तीच होती: एका बाजूला १८० केबी आणि दुसऱ्या बाजूसाठी फ्लॉपी हाताने उलटायची.

या ६१२८ चा ड्राइव्ह आज उघडला तर बहुधा एकच दृश्य दिसतं. मोटरपासून चकतीकडे जाणारा रबरी बेल्ट ताणून लांब झालेला असतो, नाहीतर वितळून काळ्या डांबरासारखा पुलीला चिकटलेला असतो. हा चिकटा नख लावून काढायचा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुली शेवटच्या डागापर्यंत पुसायची, कारण उरलेल्या थरावर नवा बेल्ट चढवला की चकती डगमगत फिरते. नवा बेल्टही चपटा आणि जुन्याच्याच रुंदीचा हवा. त्याची चौकशी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुरू करावी. घट्ट बेल्ट चांगला, असं समजून लहान माप घेऊ नये. त्याने मोटरचं बेअरिंग खराब होतं.

पाथर्डी तालुका अवर्षणप्रवण. कोरड्या हवेमुळे इथल्या फ्लॉपीला कोकणातल्यासारखी बुरशी सहसा धरत नाही, पण धुळीला तोटा नाही. हेड ज्या दोन दांड्यांवरून मागेपुढे सरकतं, त्यांवरचं कारखान्यातलं ग्रीस वर्षानुवर्षांत घट्ट होतं, त्यात धूळ मुरते आणि हेड अडखळायला लागतं. स्टेपर मोटर पावलं मोजून देते, पण तितकी पावलं हेड चालतच नाही. बिघाड इलेक्ट्रॉनिक्सचा वाटतो, असतो ग्रीसचा. दांड्या लखलखीत पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवला, तर निम्मे ‘मेलेले’ ड्राइव्ह उठून बसतात, असं मी खात्रीने म्हणेन. तेल बेल्टला किंवा हेडला मात्र लागता कामा नये.

हेड पुसणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोक्याचं काम. दोन्ही बाजू वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये वरचं हेड कागदासारख्या पातळ स्प्रिंगवर टेकलेलं असतं. ते बोटाने जास्त उचललं की स्प्रिंग वाकते आणि ड्राइव्ह कायमचा जातो. एकाच बाजूच्या ड्राइव्हमध्ये वर हेडच्या जागी नमद्याची छोटी गादी असते. ती झिजली की फ्लॉपी हेडला नीट टेकत नाही. आणखी एक शिस्त कधीच मोडू नये: दुरुस्तीनंतर पहिली फ्लॉपी टाकाऊ हवी. हेडला कचरा चिकटलेला असेल तर तो फिरत्या चकतीवर ओरखडा काढतो, आणि खरवडला गेलेला चुंबकीय थर कुठल्याही उपायाने परत येत नाही.

मग वेग. बहुतेक ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे मारतात, म्हणजे सेकंदाला ५. बेल्टवर चालणाऱ्या अनेक सव्वापाच इंची ड्राइव्हच्या खालच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दोन वर्तुळं छापलेली असतात, एक ५० हर्ट्‌झच्या विजेसाठी आणि दुसरं ६० च्या. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एका फेऱ्यात २० लुकलुकी, म्हणून पट्ट्याही २०. ट्यूबलाइटखाली चाक फिरवायचं आणि बोर्डावरचा छोटा प्रीसेट हळूहळू फिरवत राहायचं. पट्ट्या पुढे पळत असतील तर वेग जास्त, मागे सरकत असतील तर कमी, जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या की वेग बरोबर. हजारो रुपयांचं उपकरण न घेता इतकं नेमकं मोजमाप होतं, याचं मला फार अप्रूप आहे. एलईडी दिव्याखाली ही युक्ती भरवशाची नाही. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवरही हे करू नये. त्याची वीज नेमकी ५० हर्ट्‌झची असेलच असं नाही.

खरी परीक्षा अलाइनमेंटची. साडेतीन इंची ड्राइव्हमध्ये शेजारच्या दोन ट्रॅकमधलं, म्हणजे चकतीवरच्या माहितीच्या वर्तुळांमधलं, अंतर मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी असतं. हेड एवढ्या रेषेवर येऊन थांबायला हवं. कमोडोरच्या प्रसिद्ध १५४१ ड्राइव्हला शून्य ट्रॅक ओळखणारा सेन्सरच नव्हता; वाचताना चूक झाली की तो हेड मागे नेऊन अडथळ्यावर खडाखडा आपटायचा आणि पुन्हा मोजायला लागायचा. असे हजारो ठोके बसून हेडची जागा हलायची. कंपनीचे तंत्रज्ञ खास अलाइनमेंट डिस्क घालून ऑसिलोस्कोपवर मांजराच्या डोळ्यांसारखी दोन फुगीर आकृत्यांची जोडी सारखी होईपर्यंत स्टेपर फिरवत. ऑसिलोस्कोप नसेल तर कारखान्यात भरलेली मूळ फ्लॉपी घालायची, स्टेपरचे स्क्रू सैल करण्याआधी जुन्या जागेची खूण करायची आणि केसभर हलवत वाचनातल्या चुका सर्वांत कमी कुठे होतात ते बघायचं.

पण हे करण्याआधी थांबा. हा ड्राइव्ह वर्षानुवर्षं वाकड्या हेडने लिहीत आला असेल, तर त्याच्या मालकाच्या सगळ्या फ्लॉपी त्याच वाकडेपणाने लिहिलेल्या आहेत. ड्राइव्ह सरळ केला की बाजारातली फ्लॉपी वाचली जाईल आणि घरातल्या सगळ्या गप्प होतील. म्हणून साफसफाई, बेल्ट आणि वेग इतकं झालं की पहिल्यांदा मालकाच्या फ्लॉपी उतरवून घ्यायच्या, अलाइनमेंट त्यानंतर. हा क्रम उलटा झाल्यामुळे हातची माहिती जाताना पाहणं फार वाईट असतं.

ड्राइव्हच्या जागी बसणारी गोटेक नावाची डबी मिळते, तिच्यात पेनड्राइव्ह लावला की जुना संगणक पुन्हा चालतो. खेळ खेळायला ती उत्तम. पण कपाटातली फ्लॉपी तिला वाचता येत नाही, आणि माझ्या लेखी सगळा प्रश्न त्या कपाटाचाच आहे. मराठी मजकूर संगणकावर आला तो याच काळात. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झाली आणि तिच्या जिस्ट तंत्रामुळे साध्या पीसीवर देवनागरी उमटली; मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर दिवाळी अंक, लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल जुळवले गेले. १९९१ च्या इस्की मानकात एका मराठी अक्षरचिन्हाला एक बाइट लागे, आजच्या यूटीएफ-८ मध्ये तीन लागतात. म्हणजे १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत दोन-तीन कादंबऱ्या सहज मावत. गावोगावच्या डीटीपीच्या दुकानांतून अशा किती फ्लॉपी पडून असतील! त्या वाचता आल्या तरी जुने फाँट युनिकोडमध्ये आणायचं काम उरतंच, पण ते पुढे कधीही करता येईल. चुंबकीय थराला तेवढी उसंत नाही.

सोनीने जपानमध्ये फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. जुन्या ड्राइव्हचंही तसंच: जे आहेत, तेवढेच आता आपल्याजवळ आहेत. तेव्हा घरातला जुना ड्राइव्ह भंगारवाल्याला देऊ नका, तो बंद असला तरी. फ्लॉपी लोखंडी कपाटात, स्पीकर आणि चुंबकापासून दूर, कोरड्या जागी उभ्या ठेवा. त्यांतली एखादी सहज म्हणून कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालून पाहू नका. आणि तुमच्या गावात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारं कुणी अजून असेल, तर हेड पुसून बेल्ट बदलण्याचं काम आधी त्यांच्याकडे न्या.