गिरिभ्रमण नेतृत्व

डोंगरात गटाला सुखरूप नेऊन परत आणण्यासाठी नेत्याने आत्मसात करावयाच्या कौशल्यांना गिरिभ्रमण नेतृत्व असे म्हणतात. दिशाशोधन व दोरतंत्र ही त्याची दोन प्रमुख अंगे होत. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांजवळील मलंगगड, ताहुली व चंदेरी यांच्या डोंगररांगेत या दोन्ही कौशल्यांची गरज स्पष्ट दिसते.

भूरचना

ही रांग बेसाल्ट खडकाची आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचल्याने येथे उभे कडे आणि त्यांच्यामध्ये सपाट माच्या आढळतात. पावसाळ्यात धुके दाटल्यावर खुणेचे सुळके दिसेनासे होतात आणि रानातील ढोरवाटा मुख्य पायवाटेसारख्याच भासतात. चंदेरीच्या चढावर घसारा आहे. मलंगगडाच्या बालेकिल्ल्याकडे जाणाऱ्या पायऱ्या एके ठिकाणी तुटलेल्या आहेत.

दिशाशोधन

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंमी म्हणजे प्रत्यक्षातील ५०० मीटर. त्यातील समोच्चरेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक असतो. म्हणून १५ मीटरांचा कडा अशा नकाशावर रेषांतून उमटेलच असे नाही. धुक्यात मात्र तोच प्राणघातक ठरू शकतो. होकायंत्राने दिशा धरताना ५ अंशांची चूक झाल्यास १ किलोमीटर चालल्यावर सुमारे ८७ मीटर बाजूला सरकणे होते. या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक १ अंशाहूनही कमी असल्याने वेगळी दुरुस्ती सहसा करावी लागत नाही.

वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम वापरतात. त्यानुसार दर ५ किलोमीटर अंतरास १ तास आणि दर ६०० मीटर चढास आणखी १ तास धरला जातो. घसारा, ऊन व नवखे सदस्य असल्यास त्यात वाढ करावी लागते.

दोरतंत्र

नेत्याजवळचा दोर मुख्यतः छोट्या अवघड टप्प्यावर सदस्यांना आधार देण्यासाठी असतो. आठाची गाठ ताणाखाली सहसा सुटत नाही व बरोबर बांधली आहे की नाही हे पाहताक्षणी कळते, म्हणून ती प्रथम शिकवतात. दोन आधारांवर भार विभागताना दोरांमधील कोन लहान ठेवतात. कोन ६० अंशांचा असल्यास प्रत्येक आधारावर भाराच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. १२० अंशांस तो पूर्ण भाराइतका होतो. दोराने कडा उतरताना टोकाशी थोपगाठ मारतात, अन्यथा दोर अपुरा पडल्यास उतरणारा त्याच्या टोकावरून निसटू शकतो.

सराव

दिशाशोधनाचा सराव प्रथम स्वच्छ हवेत व परिचित वाटेवर, नंतर रात्री केला जातो. गाठी अंधारात व ओल्या दोरावरही बांधून पाहतात. कड्यावरील तंत्र प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच शिकणे आवश्यक असते. सरावातून नेत्याला स्वतःची व गटाची मर्यादा कळते आणि वेळ, हवा किंवा वाट प्रतिकूल झाल्यास माघारीचा निर्णय वेळीच घेता येतो.