पूर्णेचा पूर आणि पांढरीची उंची

पूर्णा मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या भैंसदेहीच्या बाजूला सातपुड्यात उगम पावते, महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुरा तालुक्याच्या उत्तर अंगाने पश्चिमेला वाहते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. नांदुऱ्याजवळून जाणारी ज्ञानगंगा तिला दक्षिणेकडून मिळते. खोरे सपाट आहे. पूर्णा भरून चालली की ज्ञानगंगेसारख्या उपनद्यांचे पाणी तिच्यात शिरत नाही, मागे फुगते आणि नाल्यानाल्यांतून शेतात पसरते. लोक त्याला फुगवटा म्हणतात.

या पुराला गावाचे पहिले उत्तर म्हणजे गावाची जागाच. वऱ्हाडात शेतजमीन ‘काळी’ आणि वस्तीची जागा ‘पांढरी’. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मातीचे घर टिकत नाही. पांढरीला मात्र उंचवटा असतो. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडल्या, त्यांच्याच ढिगावर नव्या उभ्या राहिल्या. राख, शेण, खापऱ्या साचत गेल्या आणि गाव हळूहळू वर चढले. सर्वांत उंच जागी पाटलाची गढी. पूर चढू लागला की कोतवालाची दवंडी व्हायची, गुरांची दावी सोडली जायची, दाणागोटा घेऊन माणसे वरच्या आळीत किंवा धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, जायची. पूरनियंत्रणाच्या चर्चेत पांढरीचे नाव सहसा निघत नाही. या खोऱ्यातले सर्वांत जुने पूरसंरक्षण मात्र तेच आहे.

धाब्याची गोष्ट तर याहून विलक्षण. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती पसरण्याची रीत आहे. सोडियममुळे या मातीचे बारीक कण सुटे होतात, ओले झाले की छिद्रे बुजवतात आणि पाणी खाली झिरपू देत नाहीत. छप्पर वाचवणारा हाच गुण या खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या, शेताला घातक ठरतो: पूर ओसरला तरी कपाशी-सोयाबीनच्या मुळाशी पाणी तुंबून राहते आणि उभे पीक पिवळे पडते.

नांदुरा ते जळगाव जामोद रस्त्यावर पूर्णेकाठी येरळी आहे. इथे केंद्रीय जल आयोगाचे जलमापन केंद्र आहे. येरळीला वाढलेले पाणी पुढे तापीवरच्या ४१ दरवाजांच्या हतनूर धरणात आणि तिथून सुरतेच्या वरच्या उकाई धरणाकडे जाते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत बुडाली. अशा वेळी खालच्या शहरांना वरच्या पाण्याची वर्दी आधी मिळणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको. नदीकाठच्या गावालाही येरळीच्या पातळीचा आकडा तितक्याच तातडीने कळला पाहिजे.

२२ जुलै २०२३ रोजी पूर्णेपलीकडच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी अतिवृष्टी झाली. नदी-नाल्यांचे पाणी घरांत शिरले, जमिनी खरडून गेल्या. अशा आपत्तीनंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामे करतात. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की तो अतिवृष्टीत धरतात. पाऊस वर डोंगरात आणि पूर खालच्या मंडळात, अशा वेळी नुकसान ओळखायला हा एकटा निकष अपुरा पडतो.

नांदुरा तालुक्यातच पूर्णेवर जिगाव धरण प्रकल्प उभा राहत आहे. बुडीत क्षेत्रातली गावे पांढरी सोडून नव्या गावठाणात जायची आहेत. तिथे शतकांचा ढिगारा नाही; आखलेले भूखंड, रस्ते आणि गटारे आहेत. पुरापासूनची उंची तिथे अभियंत्याने मोजून द्यायची असते. त्यासाठी राज्यात दोन पूररेषा वापरतात: २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल.