जुने गायक आणि नव्या गाण्यांची आशा

एखाद्या गायकाने किंवा लेखकाने चाळीस-पन्नास वर्षे लोकांचे मनोरंजन केल्यावर त्याच्याकडून आणखी काय अपेक्षावे, हा प्रश्न रसिकवर्गापुढे वारंवार येतो. त्याचे पूर्वीचे काम घरोघर पोहोचलेले असते. ते ऐकून वाढलेली पिढी स्वतः प्रौढ झालेली असते. अशा वेळी त्याने आता स्वस्थ बसावे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु 'आणखी एकदा' असे म्हणणारेही असतात, आणि त्यांची आशा कधी कधी इतकी चिवट असते की तिचे नवल वाटावे. अशाच एका आशेची हकीकत आम्ही प्रस्तुत लेखात वाचकांपुढे मांडणार आहोत. ती इंग्लंडातील आहे, आणि ज्या संगीताविषयी ती आहे ते 'रॉक' नावाचे संगीत आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस फारसे परिचयाचे नसेल. तथापि घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींस विचारल्यास 'द क्युअर' हे नाव त्यांपैकी एखाद्यास तरी ठाऊक असल्याचे आढळेल.

'क्युअर' म्हणजे उपाय किंवा उतारा. लंडनच्या दक्षिणेस ससेक्स परगण्यात क्रॉली म्हणून गाव आहे. तेथील काही शाळकरी मित्रांनी हौसेने जमविलेल्या वाद्यवृंदाने १९७८ साली हे नाव धारण केले, आणि १९७९ मध्ये त्याचा पहिला गीतसंग्रह निघाला. वृंदाचा प्रमुख रॉबर्ट स्मिथ हा १९५९ साली जन्मलेला. तोच गातो, तोच गिटार वाजवितो आणि गाण्यांचे शब्दही बहुतेक त्याचेच असतात. विस्कटलेले केस, डोळ्यांत काजळ आणि ओठांस वेडावाकडा फासलेला रंग, असे हे ध्यान पाहून आमच्या पिढीचा मनुष्य प्रथम दचकतो. परंतु वेषावरून विद्येची परीक्षा करू नये, हे आपण मुलांस शिकवितो; ते येथे आपणही पाळावे. ह्या वृंदाची काही गाणी खेळकर आहेत. पण त्याची खरी ओळख उदासी, वियोग आणि काळाची भीती ह्या विषयांवरून होते. वयाची तिशी उलटण्यापूर्वी आपल्या हातून काही भारदस्त काम व्हावे, ह्या तळमळीतून स्मिथने १९८९ साली 'डिसइंटिग्रेशन' हा संग्रह काढला, आणि पुष्कळ रसिक आजही तोच त्याचा सर्वोत्तम मानतात. १९९२ च्या 'विश' ह्या संग्रहाने इंग्लंडातील खपाच्या यादीत पहिले स्थान मिळविले.

पुढे २००८ च्या ऑक्टोबरात एक संग्रह निघाला आणि त्यानंतर नव्या गाण्यांचा प्रवाह खुंटला. जलसे मात्र चालूच राहिले. २०१८ च्या जुलै महिन्यात लंडनच्या हाइड पार्कमध्ये वृंदाच्या चाळीस वर्षांचा सोहळा झाला. २०१९ मध्ये अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' ह्या मानाच्या संस्थेत त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी वेल्समधील रॉकफील्ड ध्वनिमुद्रणगृहात नव्या गाण्यांचे काम झाले, आणि वर्ष संपण्यापूर्वी संग्रह बाहेर पडेल अशी उमेद स्मिथने बोलून दाखविली. रसिकांनी ते वचन समजून गाठीस बांधले. परंतु ते वर्ष गेले. मागोमाग महामारी आली. २०२१ मध्ये कित्येक दशके साथ करणारा सायमन गॅलप वृंद सोडून गेल्याची वार्ता उठली आणि थोड्याच आठवड्यांत तो पुन्हा वृंदातच असल्याचे कळले. संग्रहाचा मात्र पत्ता नव्हता.

अशा काळात रसिकांच्या आशेचे तीन प्रकार दिसून येतात, असे आमचे निरीक्षण आहे. पहिली आशा केवळ एवढीच, की काही का असेना, पण निघावे. ही प्रेमाची असते, परंतु तिला विवेक नसतो. दुसरी आशा अशी, की नवे गाणे अगदी जुन्यासारखे असावे. ही वस्तुतः गायकाविषयी नसून स्वतःविषयी असते. मनुष्यास आपले विसावे वर्ष परत हवे असते आणि ते आणून देण्याचे काम तो गायकावर सोपवितो. तिसरी आशा विरळा. ती म्हणते, 'तुम्ही आता साठीच्या घरात आहात. तेथून जग कसे दिसते, ते आम्हांस सांगा.' ह्या तिसऱ्या आशेलाच आम्ही खरी रसिकता म्हणतो.

आता स्मिथच्या विलंबाचे कारण पाहावे. त्या वर्षांत त्याचे आईवडील वारले आणि थोरला भाऊ रिचर्ड हाही गेला. धाकट्याच्या संगीताच्या आवडीला वळण लावणाऱ्यांपैकी हा थोरला भाऊ होता. मृत्यूविषयी तरुणपणी लिहिणे सोपे असते, कारण तेव्हा तो दूर असतो. तो घरात येऊन बसल्यावर शब्द जड होतात. चाली तयार होत्या, पण शब्द मनासारखे उतरत नव्हते, असे स्मिथने स्वतःच सांगितले आहे. आरंभीच्या गाण्यास योग्य तोंड सापडत नव्हते. ते त्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या अर्नेस्ट डाउसन ह्या इंग्रज कवीच्या एका कवितेवरून सुचले. जो मनुष्य गाण्याच्या पहिल्या ओळीसाठी असा अडून बसतो, त्यास आळशी म्हणता येणार नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरात लाटव्हिया देशातील रिगा शहरी वृंदाचा नवा दौरा सुरू झाला आणि पहिल्याच जलशात नवी गाणी ऐकू आली. त्याच महिन्यात पोलंडातील क्राकूव येथे भावाच्या मृत्यूवरील गाणे प्रथम गाइले गेले. पुढील वर्षभरात अशी पाच गाणी रसिकांच्या कानांवर आली. संग्रह हाती नसताना त्यातील निम्म्याहून अधिक गाणी लोकांच्या परिचयाची व्हावीत, ही गोष्ट ह्या धंद्यात विरळाच. आपल्याकडे एखादी चीज मैफलींतून फिरत फिरत लोकांच्या ओठी बसे, त्यातलाच हा प्रकार म्हणावयाचा.

ह्या दौऱ्यातील एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील जलशांसाठी वृंदाने तिकिटांचे दर मुद्दाम हलके ठेविले होते. काही तिकिटे अवघ्या वीस डॉलरांची होती. परंतु तिकिटे विकणाऱ्या कंपनीने आपली आकारणी त्यावर चढविली आणि ती कित्येकांस मूळ तिकिटाहूनही जड गेली. स्मिथने हे उघडपणे बोलून दाखविले, कंपनीकडे तगादा लावला, आणि परिणामी सर्वांत स्वस्त तिकिटे घेणाऱ्यांस दहा व इतरांस पाच डॉलर परत मिळाले. रक्कम लहान खरी. पण आपल्याला वाट पाहावयास लावणारा मनुष्य आपल्याला लुबाडू देत नाही, हे रसिकांनी पाहिले. विश्वास अशाच लहान गोष्टींनी टिकतो.

अखेर २०२४ च्या सप्टेंबरात क्रॉलीतील एका जुन्या मद्यगृहाच्या भिंतीवर एक जाहिरात झळकली. ह्याच ठिकाणी वृंदाने उमेदवारीच्या काळात वादन केले होते. काही रसिकांस त्याच सुमारास पोस्टकार्डेही आली. दोहोंवर रोमन अंकांत १ नोव्हेंबर २०२४ ही तारीख होती. त्या दिवशी 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', म्हणजे 'हरवलेल्या जगाची गाणी', हा संग्रह प्रसिद्ध झाला. गाणी अवघी आठ, कालावधी सुमारे एकूणपन्नास मिनिटे. त्याच रात्री लंडनच्या ट्रॉक्सी नाट्यगृहात वृंदाने संपूर्ण संग्रह क्रमाने वाजविला आणि तो जलसा जगभरच्या लोकांनी घरबसल्या पाहिला. इंग्लंडातील खपाच्या यादीत वृंदास पुन्हा पहिले स्थान मिळाले. १९९२ नंतर, म्हणजे बत्तीस वर्षांनी.

ही गाणी आम्ही ऐकली आहेत. भाषा आणि वाद्ये परकी असली, तरी एक गोष्ट आम्हांस ताबडतोब ओळखीची वाटली. पहिल्या गाण्यात तीन मिनिटांहून अधिक काळ केवळ वाद्येच वाजतात आणि मग कंठ उमटतो. शेवटच्या, दहा मिनिटांच्या गाण्यात तर सहा मिनिटे उलटल्यावर. ज्याने विलंबित ख्याल बसून ऐकला आहे, त्यास ह्यात चमत्कारिक काही वाटणार नाही. आधी वातावरण तयार व्हावे आणि मग शब्द यावेत, ही दृष्टी दोहोंकडे एकच आहे. उतावीळ श्रोत्यांच्या ह्या काळात साठी उलटलेला मनुष्य लोकांस सहा मिनिटे थांबवितो आणि लोक थांबतात, ही गोष्ट लहान नव्हे. दुसऱ्या प्रकारची आशा धरणाऱ्यांची ह्या संग्रहाने थोडी निराशाच केली असेल, कारण त्यात खेळकर गाण्यांना फारसे स्थान नाही. तिसऱ्या आशेचे मात्र सार्थक झाले.

परंतु आशेचा स्वभावच असा, की ती फळली की पुन्हा अंकुरते. संग्रह निघताना दिलेल्या मुलाखतींत स्मिथने, दुसरा एक संग्रह जवळजवळ पुरा झाला असून तिसऱ्याचीही सामग्री आपल्यापाशी आहे, असे सांगितले. त्याचबरोबर त्याने एक मर्यादाही घातली. २०२९ मध्ये त्याला सत्तरावे वर्ष लागून संपेल आणि पहिल्या संग्रहास पन्नास वर्षे होतील. तोवर आयुष्य लाभल्यास तेथे थांबावयाचे, असा त्याचा मानस आहे. हाच आपला शेवटचा संग्रह, असे त्याने पूर्वीही एकदोन वेळा म्हटले होते, हे जुने चाहते हसत हसत सांगतात. पण ह्या खेपेस बोलणारा मनुष्य तिशीचा नाही. पुढील संग्रहाविषयीच्या आशेत त्यामुळे एक निराळीच हुरहुर मिसळली आहे. प्रत्येक नवे गाणे हे शिल्लक राहिलेल्यांतील एक, अशी ती जाणीव आहे.

मग रसिकांनी कोणती आशा धरावी? कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'च्या आरंभी सूत्रधार सांगतो, की केवळ जुने म्हणून कोणतेही काव्य चांगले ठरत नाही आणि केवळ नवे म्हणून ते टाकाऊ होत नाही. सुज्ञ मनुष्य पारखून घेतो. त्या वेळी कालिदास स्वतः नवा होता आणि भासादिकांची कीर्ती त्याच्यापुढे उभी होती. क्युअरची स्थिती त्याहून अवघड. येथे जुनाही तोच आणि नवाही तोच. १९८९ चा स्मिथ हाच आजच्या स्मिथचा प्रतिस्पर्धी. अशा वेळी रसिकाने आपल्या आठवणींचे ओझे थोडे बाजूस ठेवून ऐकावे, एवढेच कलावंताचे त्याजवर मागणे असते.

आम्ही स्वतः साठी ओलांडून नोकरीतून मोकळे झालेले आहोत. म्हणून शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्या घरांतून वृद्धांस मान मिळतो, औषधपाणी मिळते, बसावयास चांगली जागाही मिळते. परंतु त्यांच्याकडून काही नवे होईल, अशी अपेक्षा सहसा कोणी करीत नाही. आजोबांनी जुन्या गोष्टी सांगाव्या, आजीने जुनी गाणी म्हणावी, येथवरच आपली मागणी जाते. ते मागणे वाईट नव्हे. पण त्यात नकळत असे गृहीत धरलेले असते, की ह्या माणसाचे जे व्हावयाचे ते होऊन गेले. एका परक्या देशातील गायकाकडून त्याच्या पासष्टाव्या वर्षी लोकांनी नवे गाणे मागितले, त्यासाठी सोळा वर्षे दम धरला, आणि त्याने ते दिले. घरातील तरुणांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून असे एखादे नवे काम मागून पाहावे, आणि वडीलधाऱ्यांनीही वयाची सबब सांगण्यापूर्वी थोडा विचार करावा, अशी आमची उभयतांस विनंती आहे.