कृष्णेच्या काठाने : क्षेत्र महाबळेश्वर ते कऱ्हाड

क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम एकाच छपराखाली दाखवले जातात. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम 65 किमी. तरीही कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे 1,400 किमी प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीचा माथा हा जलविभाजक आहे, हे त्याचे भौगोलिक कारण. क्षेत्रमाहात्म्याने सांगितलेले कारण निराळे आहे. ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्री वेळेवर पोहोचली नाही, म्हणून तिच्या आसनावर गायत्रीला बसवण्यात आले. क्रुद्ध सावित्रीने सर्वांना जलरूप होण्याचा शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शिवाची वेण्णा, ब्रह्मदेवाची ककुद्मती म्हणजे कोयना. सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात उतरली. ही कथा नकाशा समोर ठेवून वाचावी. ती रचणाऱ्यांना पाणी कोणत्या उताराने कोठे जाते हे नेमके ठाऊक होते, असे वाटल्यावाचून राहत नाही. माथ्यावर विखुरलेले तिन्ही देव खोऱ्यात पुन्हा एकमेकांना भेटतात, आणि भेटीची ती स्थाने क्षेत्रे मानली गेली आहेत.

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरला की वाई लागते. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. वाईचे घाट आळीआळीने ओळखले जातात आणि कृष्णाबाईचा उत्सवही घाटाघाटाने, पाळीपाळीने होतो. अफझलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून नदीला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा आहे. गणपती आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधले. पेशव्यांच्या घरातील गोपिकाबाई या याच रास्ते घराण्याच्या कन्या. दर्शनार्थी अखंड पाषाणातील भव्य मूर्तीकडे पाहून परत फिरतात. परंतु या वास्तूचे खरे चातुर्य तिच्या पाठीमागे आहे. मागील भिंत सपाट नसून माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आदळताच दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो.

वाईपासून जवळच धोम आणि मेणवली ही गावे आहेत. धोमचे नाव धौम्य ऋषींशी जोडले जाते. तेथील नंदीमंडप दगडी कासवाच्या पाठीवर उभा असून भोवतीचे कुंड भरले की कासव तरंगत असल्याचा भास होतो. मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आहे. वाड्यामागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आहे आणि मेणेश्वर मंदिराजवळच्या लहान मंडपात एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हा आकडा स्पष्ट दिसतो. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतल्यावर तेथील घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत पोहोचल्या, त्यांपैकीच ही एक.

साताऱ्याच्या अलीकडे महामार्ग सोडून लिंब गावाकडे वळावे. येथील ‘बारा मोटांची विहीर’ घाईने पाहण्यासारखी नाही. शके 1641 ते 1646, म्हणजे इ. स. 1719 ते 1724 या काळात ती वीरूबाईसाहेबांनी बांधवल्याचे शिलालेख सांगतो. वीरूबाई या छत्रपती शाहू महाराजांच्या परिवारातील. मुख्य विहीर अष्टकोनी आहे. तिला जोडून दुसरी लहान विहीर असून दोहोंच्या मधल्या पुलावर चक्क एक महाल बांधलेला आहे. पायऱ्या उतरताना उन्हाची झळ मागे पडते, आणि महालाच्या झरोक्यातून खाली पाहिले की हिरवट पाणी पुष्कळ खोल दिसते. वर काठावर थारोळी, म्हणजे मोटेचे पाणी जेथे ओतले जाते त्या जागा, मोजाव्यात. नाव बारा मोटांचे असले, तरी सोय पंधरा मोटांची आहे. बैल धावेवरून उतारावर जात. नाड्याला बांधलेली कातडी मोट वर येई. ती काठाशी येताच तिची सोंड थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने आमराईकडे वाहू लागे. नाव बाराच मोटांचे का पडले, याचे एक उत्तर असे देतात की एका वेळी बाराच मोटा चालत. ते पटो वा न पटो, नावाने संख्येवर मात केली आहे एवढे खरे.

साताऱ्याच्या पूर्वेस माहुली येथे वेण्णा कृष्णेला मिळते. कथेच्या भाषेत शिव आणि विष्णू येथे भेटतात. नदीच्या एका तीरावर संगम माहुली, दुसऱ्यावर क्षेत्र माहुली. सातारच्या राजघराण्याची ही दहनभूमी. शाहू महाराज 1749 मध्ये आणि महाराणी ताराबाई 1761 मध्ये निवर्तल्या. दोघांच्या समाध्या येथेच आहेत. त्यांच्याइतकेच कुतूहल असते ते महाराजांच्या ‘खंड्या’ या कुत्र्याच्या स्मारकाचे. शिकारीत त्याने धन्याला वाघापासून वाचवले, असे लोक सांगतात. महाराजांनी दरबारात आपल्या लाडक्या कुत्र्याला दागिने घालून त्याच्या डोक्यावर स्वतःची पगडी ठेवल्याची हकिकत ग्रँट डफनेही दिली आहे. निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे याच माहुलीचे.

पुढे कऱ्हाडला ब्रह्मदेवाची कोयना येते. बहुतेक संगमांत एक नदी दुसरीला कुशीतून मिळते. येथे दोन्ही नद्या समोरासमोर येतात, एकमेकींना भिडतात आणि काटकोनात वळून पूर्वेकडे जातात. या प्रीतिसंगमाच्या काठी यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या कारकिर्दीत, 1960 मध्ये, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि अध्यक्षपद वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे आले. मंडळाने हाती घेतलेल्या मराठी विश्वकोशाचे कार्यालय मुंबई-पुण्यात न राहता वाईत, कृष्णेच्याच काठी, स्थिरावले आणि 1976 मध्ये विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला.