सल्लागार कचेरीबाहेरचा असावा

‘मार्गदर्शक’ हा शब्द उच्चारताच आज डोळ्यांपुढे उभे राहते ते परीक्षेच्या हंगामात दुकानात रचलेले गाईड. ही अवनती केवळ शब्दापुरती असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु खात्याची परीक्षा द्यावी की नाही, मुख्याध्यापकाची जबाबदारी स्वीकारावी की वर्गावरच राहावे, असा प्रश्न पडला असता तो विचारावा कोणाला, हेच कितीएकांना उमगत नाही. बहुधा तो विचारला जातो शेजारच्या टेबलावर, नाहीतर साहेबांच्या खोलीत. शेजारचा सहकारी त्याच बढतीचा उमेदवार असतो आणि साहेबांच्या हाती गोपनीय अहवाल असतो. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका घ्यावयाची नाही. परंतु ज्याचे हित निर्णयात गुंतलेले आहे, त्याचा फुकटचा सल्लाही महाग पडू शकतो.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण या संदर्भात तपासून पाहण्याजोगे आहे. वडील कागलला कारकून. ते 1879 मध्ये वारले. थोरल्या भावाने तुटपुंज्या पगारातून पैसे पाठवून धाकट्याला पदवीपर्यंत पोहोचविले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात हा तरुण प्राध्यापक झाला, तेव्हा संस्थेत टिळक-आगरकरांसारखी माणसे होती. परंतु ती परस्परविरोधी होती, आणि 1890 मध्ये टिळक संस्थेतून बाहेरही पडले. अशा वातावरणात गोखले शिकण्यासाठी गेले ते न्या. रानडे यांच्याकडे. रानडे न्यायखात्यातले, कॉलेजातील गटातटांशी त्यांना कर्तव्य नव्हते. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी लिहिलेला मजकूर ते तपासत आणि पुनःपुन्हा लिहावयास लावीत. शाबासकीत ते कृपणच होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोखले गाऱ्हाणे घेऊन नव्हे, तर केलेले काम हाती घेऊन जात.

रानड्यांसारखा माणूस आता आणावयाचा कोठून, असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. परंतु गोखल्यांचे दुसरे सल्लागार कोण होते? गणेश व्यंकटेश जोशी. पेशाने सरकारी शाळेतील शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. सरकारी अर्थकारणाचे आकडे त्यांच्याइतके जाणणारे त्या काळी फारच थोडे. 1897 मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेला गेले, त्यामागे जोशींचा अभ्यास होता. 26 मार्च 1902 रोजी मध्यवर्ती कायदे कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीतील शिल्लक ही रयतेच्या भरभराटीची खूण नसून जादा करआकारणीची आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. पुढच्याच वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा वार्षिक 500 रुपयांवरून 1000 रुपये झाली. अर्थात याचे श्रेय एका भाषणाला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही मागणी नेमकी तीच होती, आणि तिचा लाभ पोहोचला तो लहान पगाराच्या कारकुनापर्यंत. हे भाषण माझ्यापेक्षा तुमचेच अधिक आहे, अशी कबुली गोखल्यांनी जोशींना पत्राने दिली.

सुस्थित घरातील मुलाला असा सल्लागार शोधावा लागत नाही. काका, मामा, वडिलांचे स्नेही घरी येतातच. अडचण होते ती घरात प्रथमच नोकरीला लागलेल्याची. अनोळखी विद्वानाच्या दारावरची घंटा वाजविण्याचे धैर्य त्याला होत नाही. आपण कोणाचा वेळ का घ्यावा, हा त्याचा संकोच सुसंस्कृतपणाचा असला, तरी त्याची किंमत तोच मोजतो. वस्तुतः निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, ग्रंथपाल अशी जाणती माणसे तालुक्याच्या गावीही असतात, आणि आपल्याला कोणी काही विचारीत नाही, हीच त्यांची खंत असते. या दोघांची गाठ घालून देणे महाविद्यालयांना अवघड नाही. माजी विद्यार्थ्यांच्या याद्या त्यांच्या कपाटात आहेत. ‘नॅक’ समितीच्या भेटीपूर्वी त्या घाईघाईने अद्ययावत होतात. एरवी त्यांतील कोणाला पत्र गेलेच, तर ते बहुधा देणगीसाठी असते.