सोपाऱ्याचा स्तूप आणि धर्मयात्रेचा अर्थ

बौद्धांच्या प्राचीन भग्नावशेषांना भेट देऊन ख्रिस्ती सेवकाने काय साधावे, असा प्रश्न हिंडलगा-बेळगाव भागातील धर्मशिक्षकांच्या बैठकीत आम्हांपुढे आला. वसईजवळील सोपाऱ्याच्या स्तूपास भेट दिल्यावर त्याचे उत्तर आम्हांस तेथील एका शिलाखंडातच सापडले.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरूड राजाचा कोट' नावाचा येथील उंचवटा खणला, तेव्हा विटांचा स्तूप व त्याच्या गर्भात एक दगडी पेटी आढळली. तीत तांबे, रुपे, दगड, स्फटिक व सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक होते. सर्वांत आत सोन्याची फुले व मातीच्या पात्राचे तुकडे होते. भोवती मैत्रेय व सात बुद्ध यांच्या मूर्ती होत्या. या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत.

त्याच वर्षी सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या लेखाचा आशय इतर ठिकाणच्या प्रतींवरून पूर्ण कळतो. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने बोधिस्थानास भेट दिल्यापासून धर्मयात्रा आरंभिली. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट, जनपदांतील लोकांशी धर्माविषयी बोलणे, हे त्या यात्रेचे स्वरूप होय. अर्थात, यात्रेचे मर्म दगड पाहण्यात नसून माणसांना भेटण्यात आहे.

ही भूमी आपणांसही परकी नाही. १३२१ साली ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन बंधू हुतात्मे झाले. त्यांचे सोबती जोर्दानुस यांनी त्यांची शरीरे सोपाऱ्यास आणून पुरली. पुढे ओदोरिक यांनी त्या अस्थी चीनला नेल्या. ज्या गावी बौद्धांनी पवित्र अवशेष आदराने जपले, तेथेच आपल्या पूर्वजांनीही तेच केले. ज्याने हे ओळखले, तो दुसऱ्याच्या श्रद्धेस हसणार नाही.

शिवाय, हा स्तूप भग्न असला तरी मृत नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व लक्षावधी अनुयायांना दिली. आपल्या गावांतील कित्येक शेजारी आज बौद्ध आहेत. त्यांच्या दृष्टीने सोपारा हे वंदनाचे स्थान आहे. म्हणून तेथे पादत्राणे काढावीत, मौन पाळावे, विटांवर चढू नये. वंदनेस आलेल्या कुटुंबाशी वाद घालू नये, त्यांचे ऐकावे. पौलाने अथेन्समध्ये बोलण्यापूर्वी तेथील पूजास्थाने लक्षपूर्वक पाहिली होती, हे आपण विसरू नये.

आपली साक्ष सोडावी, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याने शेजाऱ्याच्या पवित्र स्थानी नम्रपणे उभे राहणे शिकले नाही, त्याची साक्ष शेजारी कशी ऐकेल? हे शिकून परतलो, तर आपली सहल धर्मयात्रा झाली असे समजावे.